टोकाकडची वस्ती

बुधवारी गफूरचाचा मैनेला घेऊन आले,
अशोकस्तंभाकडून पायी, लगाम सैल सोडून.
वरातीची घोडी. कपाळावर आरशांची पट्टी तशीच,
पोटाखाली सूज,
डोळ्यांच्या कडांना पिवळट ओल.
"मागल्या सोमवारी बरी झाली होती, बाई.
चणे खाल्ले. पंचवटीत एक लगीन नाचून आली.
काल परत अंग तापलं."

मी डॉक्टर नाही. मी काच वाचते.
कानाच्या शिरेतला एक थेंब, वर पातळ झाकणकाच,
आणि भिंगाखाली तांबड्या पेशींची गर्दी
एका जागी एकदम हलते,
वारा नसताना गवत हलावं तशी.
सर्रा.
गोमाशीच्या सोंडेतून आलेला,
सुताचा शंभरावा भाग लांबीचा देह,
कडेची झालर फडफडवत पेशींना धक्के देत चाललेला.

त्याच्या गुणसूत्रांत मध्यावरची गावं शहाणी.
तिथली जनुकं रोज उठून तेच काम करतात,
साखर फोडायची, शेपूट हलवायची, दोन व्हायचं.
त्यात बदल परवडत नाही.
टोकांकडे मात्र वेगळी वस्ती आहे,
दाट, आणि गप्प.
शेकडो अंगरखे घडी घालून ठेवलेले,
बरेचसे फाटके, काही अर्धेच शिवलेले,
आणि जिथे दोर संपतो
त्या अगदी शेवटच्या ओट्यावर
एका वेळी एकच उलगडलेला.

मी तिवंध्याची. हे समजायला मला पुस्तक लागलं नाही.
आमच्या चौकात रस्त्याखाली रहाड आहे.
वर्षभर वर लाकडी बल्ल्या, बल्ल्यांवर माती,
मातीवरून रिक्षा, भाजीची हातगाडी, शाळेची पोरं.
खाली काय आहे ते ज्याला माहीत त्यालाच.
रंगपंचमीला माती उकरतात, फुलांचा रंग शिजवतात,
आणि माणसं कपड्यांसकट धप्पा मारतात.
माझा भाऊ सात दिवस पिवळा असायचा,
कानामागे तर पंधरा.

फरक इतकाच, की आमच्या रहाडी
सगळ्या एकाच दिवशी उघडतात.
त्याची एक उघडली की बाकीच्या मातीखाली.

मैनेचं रक्त आठवडाभर पिवळा शिकतं.
पिवळे ओळखायचे, पिवळे धरायचे, पिवळे संपवायचे.
ताप उतरतो. घोडी चणे मागते.
तोवर लाखांतल्या एखाद्यानं
टोकाशी दोर मोडून घेतलेला असतो,
आणि सांधताना जुन्या घडीतलं गुलाबी कापड
तिथे जोडून टाकलेलं असतं.
मुद्दाम नाही. त्याला मुद्दाम काही करता येत नाही.
टोकं तशीही मोडतातच.
मोडण्याची जागा त्यानं नेमकी
कपाटाशेजारी ठेवली आहे, एवढंच.

"म्हणजे चोर तोच, अंगरखा नवा."
"हो, चाचा."
"मग टोकच छाटून टाका ना."
मला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता.
"टोक दर खेपेला थोडं झिजतंच.
तो ते पुन्हा वाढवून घेतो."
चाचांनी मैनेच्या आयाळीतून बोटं फिरवली.
दाढीची मेंदी उतरत आली होती त्यांची,
मुळाशी पांढरी.

डॉक्टरांनी मानेत सुई दिली.
हे औषध अंगरखा विचारत नाही, थेट आत शिरतं.
पुरेल का, ते नवव्या दिवशी कळेल.
मी काच धुतली नाही, रंगवून ठेवली,
तारीख घातली, आणि नाव: मैना, पांढरी, वय अकरा.

संध्याकाळी ती दोघं तिवंध्यातच भेटली,
सावकाश, भद्रकालीकडे निघालेली.
चौकात मैना थबकली, मान खाली घातली,
रस्ता हुंगला, एक खूर आपटला.
खाली पोकळ वाजलं,
किंवा मला तसं वाटलं.

"यंदा कुठला रंग टाकणार?" चाचा म्हणाले.
"पिवळाच. आमच्या रहाडीला दुसरा चालत नाही."
"चांगलं आहे," म्हणाले,
आणि घोडीला बाजूनं वळवून नेलं.